पाखरीची दाढ

दानाच्या गायीचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या दारात गाय नव्हती, घोडी होती. आणि तीही दानाची नव्हे, चांगले पैसे मोजून आणलेली! त्यामुळे तिचे दात अगदी रीतसर पाहिले गेले होते. पण कधी? तर विकत घेताना. एकदाच. त्यानंतर पाच वर्षं तिच्या तोंडात कुणी डोकावलं नाही. ज्या दिवशी डोकावलं, त्या दिवशी मला रडू आवरेना. मैत्रिणींनो, त्याचीच ही हकीगत.

आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझे सासरे, म्हणजे मामंजी, एसटी स्टँडवर टांगा लावायचे. रिक्षा वाढल्या आणि २००४ साली टांगा कायमचा बंद झाला. पण घोड्याशिवाय ह्या घराला करमायचं नाही. मग वरातीची घोडी ठेवायला सुरुवात झाली. लग्नसराईत वराती, शिवजयंतीला मिरवणूक, मधेच एखाद्या शाळेच्या गॅदरिंगला झाशीच्या राणीसाठी बोलावणं. बाकी ह्यांचं छोटंसं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि माझं शिवणकाम. एवढ्यावर संसार.

२०१७ साली पाखरी आली. पांढरीशुभ्र, कान आत वळलेले, चालताना मान अशी डौलदार की बघत राहावं. व्यापारी म्हणाला, "सहा वर्षांची आहे, कोवळी." मामंजींनी तिचा ओठ उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सहा-सात धरा." व्यवहार झाला. आता ह्यात एक गंमत होती, ती आम्हाला तेव्हा कळली नाही. वेळ संध्याकाळची होती आणि मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता!

घोड्याचं वय दातांवर लिहिलेलं असतं, असं मामंजी नेहमी सांगायचे. ते खरंही आहे. शिंगरू अडीच वर्षांचं झालं की पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात. साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग खालच्या दातांच्या माथ्यावर जो काळसर खळगा असतो, तो झिजत जातो. सहाव्या वर्षी मधल्या जोडीचा, सातव्या वर्षी शेजारच्या, आठव्या वर्षी कडेच्या. तिथून पुढे मात्र नुसता अंदाज. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत नाही तर अकलूजच्या घोडेबाजारात कधी गेलात तर बघा, जो तो घोड्याचा ओठ उचलून आत बघत असतो. म्हातारं जनावर कोवळं दाखवायला दातावर कोरून, डाग देऊन खोटा खळगा पाडणारेही असतात. आमच्या व्यापाऱ्याने तसं काही केलं होतं की मामंजींच्या डोळ्यांनी दगा दिला, हे आता कळायला मार्ग नाही. मामंजी २०१९ साली गेले. असो.

सांगायचं म्हणजे, दात बघायचे ते किंमत ठरवायला, हेच आम्हाला ठाऊक. घोडी दारात बांधली की मग तिचे नाल बघायचे, खरारा करायचा, शेपटी विंचरायची, वरातीआधी आयाळीला गोंडे बांधायचे. तोंडाशी संबंध फक्त लगाम चढवण्यापुरता.

२०२२ ची दिवाळी झाली आणि पाखरीच्या वागण्यात फरक पडायला लागला. पहिल्यांदा लक्षात आलं ते मला, कारण तबेला झाडायचं काम माझं. तिच्या दावणीपाशी ओल्या गवताचे गोळे पडलेले दिसायचे. विड्यासारखे वळलेले, अर्धवट चावलेले. मला वाटलं, लाडावलीय, गवत आवडत नसेल. मी रागावून तेच गवत पुन्हा पुढे टाकायची.

मग कोंबड्या! आमच्या चार कोंबड्या एरवी परसात हिंडायच्या. त्या हल्ली लिदीच्या ढिगावरून हलेनात. जाऊन पाहते तर लिदीत अख्खेच्या अख्खे हरभरे. जसे तोबऱ्यात घातले तसेच बाहेर आलेले. गवताच्या काड्याही लांबच्या लांब. मी ह्यांना म्हटलं, "अहो, चंदी कोंबड्या खातायत, घोडीच्या अंगी काही लागत नाहीये." हे म्हणाले, "थंडी आहे, होईल नीट."

नीट काही होईना. पाठीचा कणा दिसायला लागला. तोंडाला वास यायला लागला, उघड्या गटारासारखा. खाताना मान एका बाजूला कलती करायची. पाणी प्यायला तोंड घातलं की थबकायची. आणि डिसेंबरातल्या एका वरातीत व्हायचं ते झालं. बँडबाजा, फटाके ह्यांची तिला सवय होती. पण ह्यांनी लगाम ओढला मात्र, तिने अशी मान झटकली आणि पुढचे पाय उचलले, की नवरदेव घसरला. नशीब, त्याच्या मामाने झेलला! वरातीचे पैसे तर मिळालेच नाहीत, वर चार माणसांत शोभा झाली ती वेगळी. दुसऱ्या दिवशी गावभर, "ह्यांची घोडी बिथरलीय."

ह्यांना कुणीतरी सल्ला दिला आणि हे एक काटेरी कडी घेऊन आले. लगामाची जी लोखंडी कडी तोंडात असते, तिला टोकं काढलेली. "ह्याने कशी सरळ येते बघ." दोनदा घातली. पाखरीच्या ओठाच्या कोपऱ्यातून तांबडा फेस आला. मी काही बोलले नाही, ह्याची आज मला लाज वाटते.

एका व्यापाऱ्याचा निरोप आला, "देऊन टाका, म्हातारी झाली." दीर म्हणाले, "खर्च करत बसण्यापेक्षा बरं." हे गप्प. घोडी विकून पुढे तिचं काय होतं, हे घोडेवाल्याच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता मधेच माझं स्वतःचं सांगते, कारण त्याचा इथे संबंध आहे. माझी उजवीकडची खालची दाढ वर्षभर दुखत होती. आपण बायका काय करतो, तेच मी करत होते. लवंग धरायची, डावीकडून चावायचं आणि ढकलायचं पुढे. दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनॉल आणि कॅप मिळून खर्च सांगितला होता. त्यासाठी भिशीचे नऊ हजार मी बाजूला ठेवले होते. एक दिवस भाकरी खाताना सवयीने मी घास डाव्या गालात सरकवला, मान जराशी कलती झाली, आणि समोर परसात पाखरी उभी. तिचीही मान कलती. तोंडात गवत, अगदी हळूहळू एकाच बाजूने चावतेय, आणि मग तो गोळा तसाच खाली टाकून दिला.

मी ह्यांना म्हटलं, "तिची दाढ दुखतेय."

हे हसायला लागले. "जनावराला कसली आलीय दाढदुखी?"

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या तोंडात एक दात नाही. त्या म्हणाल्या, "मला दात नाहीत तर तुम्ही भाकरी दुधात कुस्करून देता. तिने कुणाला सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे नव्याने बदलून आलेल्या मॅडम होत्या, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. जेमतेम तिशीच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गवताचे गोळे, कोंबड्या, वास. आणि म्हणाल्या, "ताई, निम्मी तपासणी तुम्हीच केलीय. उद्या येते." नालबंद मधल्या काळात म्हणून गेला होता, "मी कानशीने घासून देतो दोन मिनिटांत." बरं झालं, त्याला हात लावू दिला नाही.

मॅडम आल्या त्या लगेच तोंडात हात घालायला गेल्या नाहीत. आधी पाखरीला मूठभर गवत दिलं आणि स्टूल घेऊन समोर बसल्या. दहा मिनिटं नुसत्या बघत होत्या! जबडा दोन्ही बाजूंना सारखा फिरतोय का, कुठे अडखळते, काय सांडते. मग लीद हातात घेऊन चुरगाळली आणि काड्यांची लांबी बघितली. दोन्ही नाकपुड्यांपुढे हात धरून श्वास आणि वास पाहिला. त्या म्हणाल्या, वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या पोकळ्यांना भिडलेली असतात. म्हणून एकाच नाकपुडीतून घाण शेंबूड येत असेल तर सर्दी म्हणून सोडून देऊ नये, दाढ किडलेली असू शकते. आमच्या पाखरीला तेवढं नव्हतं. मग गालावरून बाहेरूनच बोटं दाबत नेली. उजव्या गालावर एका जागी ती चमकली. कपाळाच्या बाजूचे, जबड्याचे स्नायू दोन्हीकडे चाचपून म्हणाल्या, "उजवीकडचा बसलाय. ही बरेच महिने डावीकडूनच चावतेय."

त्यानंतर ओठ उचलून पुढचे दात. वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर त्यांनी मला एक उभी तपकिरी रेघ दाखवली. ही खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते. पंधराव्या वर्षापर्यंत निम्म्या दातावर येते आणि विसाव्यापर्यंत पूर्ण दातावर. पाखरीची रेघ निम्म्यावर आली होती! "दहानंतर दातांवरून वय म्हणजे अंदाजच. पण अकराची नाही ही. पंधराच्या आसपास धरा." हे खाली बघायला लागले. म्हणजे आणली तेव्हाच ती दहाची असणार.

मग मानेच्या शिरेत गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत पाखरीची मान जड झाली, खालचा ओठ लोंबला. दावणीच्या आढ्यावरून दोर सोडून, त्यावर गोधडी गुंडाळून तिचं डोकं टेकवलं. जबडा उघडा ठेवायला एक लोखंडी चौकट असते, ती पुढच्या दातांत बसवली आणि हळूहळू उघडली. मोठ्या पिचकारीने तोंड धुतलं. कपाळाला बॅटरी बांधून, लांब दांड्याचा आरसा घेऊन मॅडम आत बघायला लागल्या. डोकं धरायला मी होते. "बघायचंय?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडा करवतीसारख्या झालेल्या. त्या समोर गालाच्या आत पांढरट, लालभडक कडा असलेले फोड, रांगेने. खालच्या दाढांच्या कडा आतल्या बाजूने धारदार, आणि जिभेच्या कडेला चिरा. उजवीकडे खाली एक दाढच नाही. तिच्या जागी खड्डा आणि त्यात गवत कुजून काळं झालेलं. वास तिथला होता. त्या खड्ड्यावरची वरची दाढ बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच खाली उतरलेली. आणि पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली जी मोकळी जागा असते, जिथे लगामाची कडी बसते, तिथे दोन्हीकडे हिरडी फाटलेली. ती जखम दातांची नव्हती. ती आमची होती.

एवढं सगळं तोंडात घेऊन ही बाई नवरदेव मिरवत होती.

मॅडमनी काम करता करता मला जे समजावलं, ते मी जमेल तसं सांगते. घोडीला बहुधा ३६ दात असतात, घोड्याला ४०, कारण त्याला चार सुळे जास्त. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, हे आपण पाहिलेलंच आहे. पण गाय निवांत बसून रवंथ करते, तिला दुसऱ्यांदा चावायची सोय आहे. घोड्याला रवंथ नाही. एकदा गिळलं की गेलं. घोड्याला उलटीही होत नाही. त्यामुळे न चावलेला घास घशात अडकू शकतो, नाही तर पोटात जाऊन पोटशूळ होतो. आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे जिवाशी खेळ. मॅडम म्हणाल्या, "अशी घोडी कित्येकदा दातांनी नाही, पोटाने जाते."

आणखी एक. माणसाची दाढ आली की आली, वाढत नाही. घोड्याची दाढ तरुणपणी तीन-चार इंच लांब असते आणि तिचा बराचसा भाग जबड्यात दडलेला असतो. चावून चावून दर वर्षी ती दोन-तीन मिलिमीटर झिजते आणि तेवढीच वर सरकते. म्हणजे जन्मभराची शिल्लक हाडात ठेवलेली! ती संपली की म्हातारपणी दाढा हलायला लागतात, पडतात. समोरची दाढ पडली की घासायला कुणी राहत नाही, म्हणून जोडीदार दाढ एकटीच लांबत जाते. पाखरीचं तेच झालं होतं.

मग कडा धारदार का होतात? घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. दाढा एकमेकींवर पूर्ण बसत नाहीत, वरच्यांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड घासली जात नाही, तिथे धार येते. मोकळ्यावर हिंडून दिवसभर गवत खाणारं घोडं जबडा चांगला रुंद फिरवतं, त्यामुळे बरीच झीज होते. आपण त्याला बांधून ठेवतो आणि दोन वेळा तोबरा चढवतो. दाणे चावताना जबडा तेवढा आडवा फिरत नाही. म्हणजे चंदी घालून आपण प्रेम करतो खरं, पण दाढांचं गणित बिघडवतो.

मॅडमनी लांब दांड्याच्या कानशीने त्या कडा घासायला घेतल्या. मी म्हटलं, "चांगलं गुळगुळीत करून टाका, मॅडम." तर त्या थांबल्याच. "ताई, तुमच्या घरी जातं होतं?" म्हटलं, होतं की, अजून आहे. "त्याला टाकी का लावतात?" मी म्हटलं, "गुळगुळीत झालं की दळत नाही." "मग!" त्या म्हणाल्या, "ही जाती आहेत. दाढेत कठीण आणि मऊ थर असतात, ते कमीजास्त झिजतात म्हणून माथा खडबडीत राहतो, त्याच्यावर ती दळते. मी फक्त टोचणारी धार काढतेय. माथा सपाट केला तर ही उपाशी मरेल."

मला तेव्हा नालबंद आठवला. दोन मिनिटांत घासून देणारा! बाजारात असे बरेच भेटतात. न बघता, न गुंगी देता, लोहाराची कानस आत घालून खसाखसा घासतात. धार ज्या भागाला येते तिथे नस नसते, म्हणून ती घासताना दुखत नाही. पण फार खोल घासलं की आतली नस उघडी पडते. म्हणूनच ती लांबलेली दाढ मॅडमनी एका दमात सारखी केली नाही. थोडीच उतरवली. "उरलेली चार महिन्यांनी, मग पुन्हा चार महिन्यांनी." खड्डा धुऊन काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुखण्याचं औषध लिहून दिलं, जंताचंही दिलं. पाऊण तासाचं काम.

नंतर त्यांनी माझ्या मुलीची शाळेची जुनी वही मागितली आणि मागच्या पानांवर सगळं लिहून दिलं. खरं तर त्या वहीनेच पाखरी वाचली असं मी म्हणेन. नुसत्या घासण्याने नव्हे.

पहिली ओळ होती, "महिनाभर तोंडात कडी नाही." म्हणजे महिनाभर वरात नाही. ऐन लग्नसराईत! आमच्याकडे तीन वरातींचा इसार घेतलेला होता. ह्यांचा चेहरा उतरला. "दोन आठवड्यांत होईल की बरी," हे म्हणाले. मी आत गेले, डब्यातले भिशीचे पैसे आणले आणि ह्यांच्या हातात ठेवले. इसार परत करा, औषधं आणा. हे म्हणाले, "आणि तुझी दाढ?" मी म्हटलं, मला लवंग धरता येते. फार थोर वगैरे काही नाही हो त्यात. मनातून रागच आला होता, स्वतःचा आणि ह्यांचाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. सुकं लांब गवत बंद. कडबा, लसूणघास बारीक कुट्टी करून, त्यावर पाणी शिंपडून द्यायचं. हरभरा रात्रभर भिजवून, सकाळी भरडसर ठेचून. गव्हाचा कोंडा पाण्यात कालवून, चिमूटभर मीठ घालून. दोन मोठ्या तोबऱ्यांऐवजी दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. आणि तोबरा गळ्यात न अडकवता घमेल्यात, जमिनीवर. सासूबाईंचं दूधभाकरी आणि पाखरीचं घमेलं, माझी एकाच वेळची दोन कामं झाली. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या पंगतीला घोडी बसवलीस की!"

तिसरं, दर महिन्याला छातीचा घेर मोजायचा, पुढच्या पायांच्या मागून. मी शिवणकामाची टेप घेऊन गेले ऐटीत. टेप साठ इंचांची, घोडीच्या घेराला पुरेना! मग सुतळी फिरवून गाठ मारायची आणि सुतळी टेपवर मोजायची असं केलं. पहिल्या दिवशी ६३ इंच. एप्रिलात ६६. प्रत्येक महिन्याची गाठ मारलेली ती सुतळी अजून खुंटीला आहे.

चौथं म्हणजे तारखा. घोडं दोन ते पाच वर्षांचं असताना दुधाचे दात पडत असतात, पक्के येत असतात. तेव्हा वर्षातून दोनदा तोंड दाखवावं. दुधाच्या दाढेचं टरफल कधी कधी नव्या दाढेवर टोपीसारखं अडकून बसतं. कधी पहिल्या दाढेपुढे एक बारीकशी जास्तीची दाढ येते आणि लगामाची कडी तिच्यावर घासते. शिंगरू लगाम घेईना म्हणून मार खातं, आणि कारण असतं हे. पाच वर्षांपुढे वर्षातून एकदा. वय झालं, किंवा पाखरीसारखं एखादी दाढ गेलेली असली, की पुन्हा दर सहा महिन्यांनी. आणि तपासणीची वेळ लग्नसराई संपल्यावर नव्हे, सुरू होण्याच्या आधी.

लगामाचं सांगायचं राहिलं. मॅडमनी ती काटेरी कडी हातात घेतली आणि ह्यांना विचारलं, "दादा, हे बेकायदा आहे, माहितीय?" ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यांत टोकदार कडी वापरायला सरळ बंदी आहे. इतकी जुनी बंदी, आणि बाजारात कडी उघड मिळते! ती भंगारवाल्याला गेली. आता गुळगुळीत, जाड कडी वापरतो. ती घालण्याआधी हे थंडीत तळहातात धरून ऊबदार करून घेतात. हे मी सांगितलेलं नाही बरं का, ह्यांचं ह्यांनाच सुचलं.

महाबळेश्वर-पाचगणी, माथेरानकडच्या कुणी बहिणी हे वाचत असतील, कुणाच्या घरी टांगा असेल, कुणाकडे विटभट्टीवर गाढवं, खेचरं असतील. त्यांच्याही दाढा अशाच वाढतात. एकच सांगते, तोंडात स्वतः हात घालायला जाऊ नका. मामंजी जीभ बाजूला ओढून धरायचे, पण त्यांच्याही उजव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलेलं होतं. आपल्याला जे दिसतं तेच पुष्कळ असतं. झाडताना काय सांडलंय, लिदीत काय आहे, तोंडाला वास आहे का, घास कोणत्या गालात आहे. झाडलोट आणि खाणंपिणं आपल्याकडे असतं, म्हणून हे आधी आपल्यालाच दिसणार. फक्त मी केलं तसं दोन महिने रागावत बसू नका.

२०२३ च्या एप्रिलात ती लांब दाढ दुसऱ्यांदा उतरवली, ऑगस्टात तिसऱ्यांदा. कोंबड्या लिदीवरून उठून परसात गेल्या. पाखरी मेमध्ये पुन्हा वरातीला गेली. आता महिन्याला चारच, तेही जवळची, आणि अंगाने फार जाड नवरदेव असला तर हे सरळ नाही म्हणतात. लोक हसतात. हसू देत.

माझी दाढ मात्र राहून गेली ती गेलीच. २०२३ च्या पावसाळ्यात गाल सुजला आणि शेवटी ती काढूनच टाकावी लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "इथे नवीन दात बसवून घ्या हं, नाही तर समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरेल." मी खुर्चीतच हसायला लागले, तोंडात कापूस तसाच. डॉक्टरांना वाटलं, औषध चढलं बहुतेक.

तेव्हापासून नवं कालनिर्णय आणलं की हे पहिल्यांदा दोन पानं उघडतात, जून आणि नोव्हेंबर. आणि पेनाने लिहितात, "पाखरी – दात. सौ. – दात." पहिलं नाव तिचंच!